टाइम इनफ ॲट लास्ट

'टाइम इनफ ॲट लास्ट' (अर्थ : अखेर पुरेसा वेळ) हा 'द ट्वायलाइट झोन' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या पहिल्या पर्वातील आठवा भाग होय. तो २० नोव्हेंबर १९५९ रोजी सीबीएस वाहिनीवर प्रथम प्रक्षेपित झाला. लिन व्हेनेबल यांच्या याच नावाच्या कथेवरून मालिकेचे निर्माते रॉड सर्लिंग यांनी त्याची पटकथा लिहिली. दिग्दर्शन जॉन ब्राम यांचे असून हेन्री बेमिसची प्रमुख भूमिका बर्जेस मेरेडिथ यांनी केली आहे. वाचनाचे वेड असलेला, पण घरी वा कचेरीत कोणी वाचू न दिलेला एक बँक कारकून अणुस्फोटातून एकटाच बचावतो आणि ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर त्याचा चष्मा फुटतो, एवढेच याचे कथासूत्र. जेमतेम पंचवीस मिनिटांच्या या कृष्णधवल भागाच्या शेवटाविषयी रसिक प्रेक्षक सहा दशकांहून अधिक काळ वाद घालीत आले आहेत. तो शेवट न्याय्य आहे का, अटळ आहे का आणि मुळात शक्य तरी आहे का, असे या वादाचे तीन मुख्य प्रश्न आहेत.

पार्श्वभूमी

'द ट्वायलाइट झोन' ही स्वतंत्र कथांची मालिका होती. प्रत्येक भागात नवी कथा, नवी पात्रे आणि बहुधा नवे कलावंत असत. २ ऑक्टोबर १९५९ ते १९ जून १९६४ या काळात पाच पर्वांत तिचे १५६ भाग प्रक्षेपित झाले. त्यांपैकी ९२ भागांचे लेखन एकट्या सर्लिंग यांचे आहे. विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा आणि रूपककथा यांचे मिश्रण हे तिचे वैशिष्ट्य होते.

सर्लिंग (१९२४–१९७५) दुसऱ्या महायुद्धात फिलिपाइन्समध्ये छत्रीधारी सैनिक म्हणून लढले होते. युद्धानंतर त्यांनी दूरचित्रवाणीसाठी वास्तववादी नाटके लिहून नाव मिळविले. परंतु कार्यक्रमांचे खर्च उचलणाऱ्या जाहिरातदारांच्या हस्तक्षेपाने ते त्रस्त झाले. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. त्या घटनेवर आधारित त्यांचे नाटक १९५६ मध्ये प्रक्षेपित होईपर्यंत ओळखू न येण्याइतके बदलण्यात आले. दोन वर्षांनी त्याच विषयावरील दुसऱ्या नाटकाचीही जवळजवळ तीच गत झाली. जी गोष्ट शेजारच्या गावातील माणसाच्या तोंडून सांगता येत नाही ती परग्रहवासीयाच्या तोंडून सांगता येते, हे सर्लिंग यांनी या अनुभवातून ओळखले. आपल्याकडे पंचतंत्रातील कोल्ह्या-करकोच्यांनी राजपुत्रांना राजनीती शिकविली, त्याच जातीची ही युक्ती.

हा भाग प्रक्षेपित झाला तेव्हा अमेरिकेत अण्वस्त्रांची भीती घरोघरी पोहोचली होती. १ नोव्हेंबर १९५२ रोजी अमेरिकेने पहिल्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती. पुढच्या काही वर्षांत सोव्हिएत संघानेही ते अस्त्र मिळविले. शाळांतून मुलांना बाकाखाली लपण्याचे धडे दिले जात होते. व्हेनेबल यांची मूळ कथा 'इफ' या विज्ञानकथांच्या मासिकाच्या जानेवारी १९५३ च्या अंकात आली, म्हणजे त्या पहिल्या चाचणीनंतर लगोलग वाचकांच्या हाती पडली.

कथानक

हेन्री बेमिस बँकेच्या खिडकीवर बसून ग्राहकांना पैसे देतो, पण त्याचे डोळे मांडीवरच्या 'डेव्हिड कॉपरफिल्ड'वर असतात. एका बाईंना तो कमी पैसे देतो आणि वर डिकन्सची पात्रे समजावून सांगू लागतो. व्यवस्थापक कार्सव्हिल त्याला खोलीत बोलावून तंबी देतात. बेमिस गयावया करीत सांगतो की घरी पत्नी वर्तमानपत्रसुद्धा वाचू देत नाही. शेवटी आपण जेवणाच्या टेबलावरच्या बाटल्यांवरील चिठ्ठ्या वाचू लागलो, तर आता तिने केचपची बाटलीही बंद केली. व्यवस्थापकांना यात पत्नीचा शहाणपणा दिसतो.

घरी पत्नी हेलन त्याला एक कवितासंग्रह देते आणि काही वाचून दाखव म्हणते. तो हरखून पुस्तक उघडतो. प्रत्येक पानावरील ओळी तिने आधीच खोडून ठेवलेल्या असतात. ज्याने एकदा हा प्रसंग पाहिला त्याला बॉम्बपेक्षाही तोच अधिक काळ आठवतो, असे अनेक रसिकांचे म्हणणे आहे आणि ते पटण्यासारखे आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बेमिस नेहमीप्रमाणे बँकेच्या स्ट्राँगरूममध्ये वाचत बसतो. हायड्रोजन बॉम्बने सर्वनाश होऊ शकतो अशा आशयाचा मथळा त्याच्या हातातील वर्तमानपत्रात असतो. तेवढ्यात प्रचंड हादरा बसतो आणि तो बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येऊन तो बाहेर येतो, तेव्हा शहर उद्ध्वस्त झालेले असते आणि माणूस एकही उरलेला नसतो. खाण्यापिण्याचे पदार्थ मिळतात. बोलायला मात्र कोणी नाही. एकटेपणा असह्य होऊन तो सापडलेले पिस्तूल कपाळाला लावतो. त्याच क्षणी त्याला सार्वजनिक ग्रंथालयाचे भग्नावशेष दिसतात.

पुस्तके शाबूत असतात. तो ती पायऱ्यांवर रचतो, या महिन्यात ही, पुढच्या महिन्यात ती, अशी वर्षानुवर्षांच्या वाचनाची बेगमी करतो. डिकन्स आहे, शॉ आहे. आणि आता हटकणारे कोणी नाही. एक पुस्तक उचलायला तो वाकतो, चष्मा नाकावरून घसरतो आणि दगडी पायरीवर आपटून फुटतो. वेळ हाताशी असताना असे व्हावे हा अन्याय आहे, एवढेच तो रडवेल्या स्वरात म्हणू शकतो.

मूळ कथा आणि रूपांतर

मूळ कथा अवघ्या काही पानांची आहे. तिच्यात पत्नीचे नाव ॲग्नेस आहे आणि तीही नवऱ्याच्या वाचनाच्या आड येते. चष्मा फुटण्याचा शेवट सर्लिंग यांची कल्पना असल्याचे पुष्कळदा गृहीत धरले जाते. तो व्हेनेबल यांचा आहे. सर्लिंग यांचे नाव मालिकेशी इतके एकजीव झाले आहे की मूळ लेखिकेचे श्रेय झाकले जाते. म्हणून ही नोंद येथे मुद्दाम केली आहे.

रूपांतरात सर्लिंग यांनी घातलेली सर्वांत महत्त्वाची भर म्हणजे प्रारंभीचे आणि अखेरचे निवेदन. अखेरच्या निवेदनात रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या १७८५ सालच्या प्रसिद्ध कवितेचा संदर्भ येतो. शेत नांगरताना उंदराचे बीळ उद्ध्वस्त होते आणि कवी म्हणतो की उंदरांचे काय नि माणसांचे काय, बेत असेच फसतात, असा त्या कवितेचा आशय आहे. याच कवितेतील शब्दांवरून जॉन स्टाइनबेक यांनी आपल्या 'ऑफ माइस अँड मेन' या कादंबरीचे नाव घेतले. तिच्यावरील १९३९ च्या चित्रपटात जॉर्जची भूमिका बर्जेस मेरेडिथ यांनीच केली होती. हा योगायोग असावा, परंतु जाणकार प्रेक्षकांना तो नेहमी सुखावतो.

कलावंत

बर्जेस मेरेडिथ (१९०७–१९९७) यांनी या मालिकेच्या चार भागांत प्रमुख भूमिका केल्या. त्यांपैकी २ जून १९६१ रोजी प्रक्षेपित झालेला 'द ऑब्सोलीट मॅन' हा भाग प्रस्तुत भागाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. त्यात त्यांनी एका ग्रंथपालाचे काम केले आहे. पुस्तकांवर बंदी घालणारी राजसत्ता या ग्रंथपालाला कालबाह्य ठरवून मृत्युदंड देते. बेमिस पुस्तकांत लपतो. तो ग्रंथपाल पुस्तकांसाठी उभा राहतो. बहुसंख्य प्रेक्षकांना मेरेडिथ ठाऊक आहेत ते मात्र १९६६ च्या 'बॅटमॅन' मालिकेतील पेंग्विन आणि 'रॉकी' (१९७६) चित्रपटातील मिकी हा मुष्टियुद्ध प्रशिक्षक म्हणून.

हेलनची भूमिका जॅकलिन डीविट यांनी, तर व्यवस्थापकाची व्हॉन टेलर यांनी केली. दिग्दर्शक जॉन ब्राम मूळचे हॅम्बुर्गचे. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी सोडली. 'द लॉजर' (१९४४) आणि 'हँगओव्हर स्क्वेअर' (१९४५) हे त्यांचे गाजलेले चित्रपट होत. ग्रंथालयाच्या पायऱ्यांचे बाह्य चित्रण एमजीएम चित्रसंस्थेच्या आवारातील तयार देखाव्यावर झाले.

शेवटाविषयीची चर्चा

अ) शिक्षा की अपघात?

या मालिकेच्या अनेक भागांत लोभी, क्रूर वा गर्विष्ठ माणसाला अखेरीस त्याच्याच कर्माचे फळ मिळते. त्या साच्याची सवय झालेला प्रेक्षक बेमिसचाही गुन्हा शोधू लागतो. एका पक्षाच्या मते तो गुन्हा म्हणजे माणसांकडे पाठ फिरविणे. ग्राहकाचे पैसे चुकतात तरी त्याला खंत नाही; जग बेचिराख झाले आणि हा पुस्तकांच्या चवडी रचून आनंदाने हसतो. म्हणून चष्मा फुटला हे योग्यच झाले.

दुसऱ्या पक्षाला हा आरोप मान्य नाही. बेमिस कोणाचेही वाईट चिंतीत नाही. पुस्तकातले जे आवडले ते तो समोर येईल त्याला सांगू पाहतो; ऐकून घेणारेच कोणी नसते. पत्नीने कविता वाचून दाखव म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद एकलकोंड्या माणसाचा नव्हे. माणसे नाहीशी झाल्यावर तो आत्महत्येपर्यंत जातो, ही गोष्टही पहिला पक्ष सोयीस्करपणे विसरतो.

सर्लिंग यांच्या निवेदनाकडे नीट लक्ष दिले तर त्यांचा कौल दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. माणसाने आपल्या हाताने स्वतःला जो विनाश बहाल केला त्याच्या ढिगाऱ्यातील बेमिस हा आता एक तुकडा आहे, अशा अर्थाचे ते निवेदन आहे. म्हणजे दोष आहे, पण तो ज्यांनी बॉम्ब केला त्यांच्याकडे. बेमिसच्या वाट्याला येतो तो फसलेल्या बेताचा हिस्सा, बर्न्सच्या उंदरासारखा.

तरीही शेवट क्रूर आहे ही तक्रार उरतेच, आणि ती निकाली काढण्याची गरजही नाही. बेमिसवर अन्याय झाला असे ज्याला वाटत नाही त्याच्यावर कथेचा परिणामच झालेला नाही.

आ) चष्म्याचा प्रश्न

चर्चेचा सर्वांत रंगतदार भाग हाच. शहरात चष्म्यांचे एखादे दुकान ढिगाऱ्याखाली असेल, तेथे दुसरा चष्मा शोधता येणार नाही काय, हा पहिला आणि नेहमीचा प्रश्न. त्याला उत्तर असे दिले जाते की ज्याला चष्म्यावाचून चार हातांवरचे दिसत नाही त्याने दगडविटांच्या राशींतून आपल्या नंबरचा चष्मा कसा शोधावा?

दुसरा प्रश्न दृष्टिदोषाचा आहे. दहावीच्या विज्ञानात शिकविली जाणारी निकटदृष्टिता आणि दूरदृष्टिता येथे कामी येतात. बेमिसचा दोष निकटदृष्टितेचा असेल, तर चष्मा नसतानाही त्याला अगदी जवळचे स्पष्ट दिसले पाहिजे. उणे १० नंबरच्या डोळ्याला सुमारे १० सेंटिमीटरवरचे, उणे २० नंबरच्या डोळ्याला सुमारे ५ सेंटिमीटरवरचे अक्षर चष्म्याविना वाचता येते. असा माणूस पुस्तक नाकाला लावून वाचू शकेल. मान दुखेल, पण वाचन चालेल. दोष दूरदृष्टितेचा असेल तर मात्र छापील अक्षर त्याला कोणत्याच अंतरावर नीट दिसणार नाही. दोहोंतला फरक चेहऱ्याकडे पाहून ओळखता येतो. अंतर्वक्र भिंगामागचे डोळे बारीक दिसतात, बहिर्वक्र भिंगामागचे मोठे. त्यामुळे बेमिसच्या जाड भिंगांमागचे डोळे न्याहाळण्याचा छंद कित्येक रसिकांना जडला आहे.

याहून साधे दोन उपाय आहेत. भिंग फुटले तरी त्याच्या तुकड्याचे नाभीय अंतर बदलत नाही. पुरेसा मोठा तुकडा डोळ्याशी धरला तर त्यातून दिसते. आणि पुठ्ठ्याला टाचणीने बारीक छिद्र पाडून त्यातून पाहिले, तर कोणत्याही नंबरच्या माणसाला भर उन्हात अक्षर बरेच स्पष्ट दिसते. चष्मा वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी चष्मा काढून हा प्रयोग अवश्य करून पाहावा. सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये.

तेव्हा बेमिसची वाचनाची आशा पूर्णपणे मावळलेली नाही, असे म्हणता येते. परंतु पायरीवर गुडघे टेकून बसलेल्या माणसाला त्या क्षणी हे सुचत नाही आणि कॅमेरा पुढे थांबत नाही. कथेचा शेवट भिंगशास्त्रावर उभा नसून त्या क्षणावर उभा आहे. उघड्यावर रचलेली ती पुस्तके पहिल्या पावसात भिजून जातील, हा आक्षेपही काही जण घेतात. जूनमध्ये कौले शाकारणाऱ्या मुलखातील वाचकाला तो सर्वांत आधी सुचेल.

इ) स्ट्राँगरूम आणि किरणोत्सर्ग

स्ट्राँगरूममध्ये बसलेला माणूस अणुस्फोटातून वाचेल का? ही कल्पना वाटते तितकी स्वैर नाही. ६ ऑगस्ट १९४५ च्या हिरोशिमा येथील स्फोटात तेइकोकू बँकेच्या शाखेतील अमेरिकन बनावटीच्या तिजोऱ्या आतील ऐवजासह शाबूत राहिल्या. त्या बनविणाऱ्या मोस्लर कंपनीने पुढे त्याची जाहिरातही केली. बँक ऑफ जपानच्या हिरोशिमा शाखेची इमारत स्फोटकेंद्रापासून सुमारे ३८० मीटरवर होती. आतील अनेक माणसे दगावली, पण इमारत उभी राहिली आणि ८ ऑगस्ट रोजी तेथे कामकाज पुन्हा सुरू झाले. २४ जून १९५७ रोजी नेवाडाच्या वाळवंटात ३७ किलोटन क्षमतेच्या चाचणीत मुद्दाम एक बँकेची तिजोरी-खोली बांधून तपासण्यात आली होती, तीही टिकली. बेमिसची कथा पडद्यावर आली ती यानंतर अडीच वर्षांच्या आत.

स्फोटानंतरचे चित्रण मात्र विज्ञानाला धरून नाही. जमिनीलगतच्या स्फोटानंतर खाली बसणाऱ्या किरणोत्सर्गी धुळीची तीव्रता स्थूलमानाने वेळ सातपट झाला की दहा पटींनी घटते. पहिल्या तासाच्या तुलनेत सात तासांनी ती एक दशांश, दोन दिवसांनी एक शतांश आणि दोन आठवड्यांनी एक सहस्रांश उरते. बेमिस शुद्धीवर येताच बाहेर पडून भटकू लागतो. पुस्तके वाचण्यास त्याला फार दिवस मिळाले नसते, असे काही अभ्यासक बजावतात. कथेत या आजाराचा उल्लेखही नाही.

ई) हेलन

आजच्या प्रेक्षकाला खटकणारी गोष्ट म्हणजे हेलनचे चित्रण. नवऱ्याला छळणारी बायको हा त्या काळच्या विनोदी कार्यक्रमांतील ठरीव साचा होता. ती असे का करते याचा एकही धागा पटकथेत नाही. दिवसभर घरात असलेल्या बाईशी संध्याकाळी न बोलता पुस्तकात डोके घालणारा नवरा, ही बाजूही मांडता आली असती. कवितांच्या ओळी खोडण्याचा प्रसंग कितीही प्रभावी असला तरी हा दोष मान्य करावा लागतो.

विज्ञानकथा म्हणावी का?

मराठीत विज्ञानकथेची चर्चा होते तेव्हा कथेतील विज्ञान अस्सल असावे, ते काढून घेतले तर कथाच उभी राहू नये, अशी कसोटी लावली जाते. मराठी विज्ञान परिषदेने (स्थापना १९६६) विज्ञानकथा स्पर्धांमधून हा प्रकार रुजविला. १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकर यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले. नावाची आद्याक्षरे उलटी केली की लेखक ओळखू येतो. पुढे 'यक्षांची देणगी' (१९७९) या संग्रहाने ही वाट प्रशस्त केली. नारळीकरांच्या कथेत कृष्णविवर काढून घेतले तर काही उरत नाही. बेमिसच्या कथेत बॉम्बऐवजी महापूर वा महामारी घातली तरी चष्मा फुटायचा तो फुटेलच. या कसोटीने ती विज्ञानकथेपेक्षा रूपककथेच्या अधिक जवळ जाते. केवळ बॉम्बच्या संदर्भात एक गोष्ट अधिकची आहे : तो माणसाने केलेला आहे, पुरासारखा आलेला नाही. सर्लिंग यांना हेच अभिप्रेत होते, हे त्यांच्या निवेदनावरून दिसते.

वाचन, एकांत आणि सोबत

शेवटाचा आणखी एक अर्थ लावला जातो आणि तो सर्वांत विचार करायला लावणारा आहे. वाचन ही आपली एकट्याची गोष्ट आहे असे बेमिस समजतो. प्रत्यक्षात लेखक, छापणारा, ग्रंथपाल आणि भिंग घासणारा कारागीर असे अनेक जण त्याच्या एका पानामागे उभे असतात. माणसांच्या जगात चष्मा फुटणे हा एका दिवसाचा खोळंबा आहे. दुकानदार नवा करून देतो; तोवर शेजारी वाचून दाखवितो. ओसाड जगात तेच आयुष्यभराचे संकट ठरते. मराठीत ग्रंथ वाचणे आणि जिवंत वाचणे यांसाठी एकच रूप आहे. दोहोंची व्युत्पत्ती निराळी असली तरी बेमिसची कथा मराठीत सांगताना हा श्लेष टाळू म्हटले तरी टळत नाही : तो वाचतो, पण त्याला वाचता येत नाही.

आपल्याकडे वाचन हे पूर्वापार सोबतीचे काम आहे. चातुर्मासात एकाने पोथी वाचावी आणि आळीने ऐकावी ही रीत अजून खेड्यापाड्यांतून टिकून आहे. ऐकणाऱ्यात ज्यांची दृष्टी गेली आहे अशी वृद्ध माणसे असत आणि अक्षरओळख नसलेलीही असत. अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. मराठीतला हा थोर ग्रंथ मुळात बोललेला आणि ऐकलेला आहे. नगर शहरातील जिल्हा वाचनालय १८३८ मध्ये सुरू झाले. त्याची गणना महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या वाचनालयांत होते.

अखेर पुरेसा वेळ मिळाल्याचे खरेखुरे उदाहरणही याच शहरात सापडते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी 'भारत छोडो' आंदोलनाच्या प्रारंभी काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक करून नगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. जवाहरलाल नेहरू तेथे २८ मार्च १९४५ पर्यंत होते. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रे याच किल्ल्यातील आहेत. सभा नाही, प्रवास नाही, भेटीगाठी नाहीत, वेळच वेळ. परंतु त्या वेळेची किंमत बेमिसच्या वेळेसारखीच जबर होती. एप्रिल १९४३ मध्ये आझाद यांच्या पत्नी वारल्या तेव्हा ते किल्ल्यातच होते. नेहरूंनी आपला ग्रंथ सहबंदिवानांना अर्पण केला आहे आणि मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आसफ अली अशा बहुभाषक, बहुश्रुत सोबत्यांशी झालेल्या चर्चेचे ऋण प्रस्तावनेत मान्य केले आहे. बेमिसच्या पायऱ्यांवर पुस्तके कदाचित अधिक होती. शंका विचारायला कोणी नव्हते.

या जोडणीवर कोणी असा आक्षेप घेईल की कारावास आणि प्रलय यांची तुलना कशी करावी? तुलना प्रसंगांची नाही, वेळेची आहे. एरवी न मिळणारा वेळ दोन्हीकडे बाहेरच्या आपत्तीने मिळाला. त्याचे पुढे काय झाले यातला फरक पाहण्यासारखा आहे.

नंतरचा प्रभाव

मालिकेच्या पहिल्याच भागात, २ ऑक्टोबर १९५९ रोजी, ओसाड गावात एकटा फिरणारा माणूस दाखविला होता. तो अंतराळप्रवासाच्या सरावासाठी कोंडून ठेवलेला वैमानिक निघतो आणि शेवटी माणसांत परततो. बेमिसला अशी सुटका मिळत नाही, म्हणूनच कदाचित पहिल्या भागापेक्षा आठवा भाग अधिक लक्षात राहिला. मार्क स्कॉट झिक्री यांच्या 'द ट्वायलाइट झोन कम्पॅनियन' (१९८२) या ग्रंथाने मालिकेच्या भागवार अभ्यासाला चालना दिली. त्यानंतर चाहत्यांची चर्चा अधिक नेटकी झाली.

विडंबने पुष्कळ झाली. 'फ्युचरामा' या व्यंगचित्र मालिकेतील विडंबनात चष्मा फुटलेला माणूस मोठ्या टायपातली पुस्तके वाचता येतील म्हणून स्वतःचे समाधान करू पाहतो आणि त्याच्यावर एकामागून एक आपत्ती कोसळत जातात. शेवट अटळ कसा, या वादाचीच ती थट्टा आहे. फ्लॉरिडातील डिस्नेच्या करमणूक उद्यानात १९९४ साली या मालिकेवर बेतलेला 'टॉवर ऑफ टेरर' हा खेळ सुरू झाला. जुन्या हॉटेलासारख्या सजविलेल्या त्याच्या दालनात, रांगेत उभ्या असलेल्या प्रेक्षकांना दिसेल अशा जागी एक फुटका चष्मा ठेवलेला आहे.